उजवा मेंदू कवीचा, डावा शास्त्रज्ञाचा?

‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कल्पनेचा; म्हणून माणूस एकतर विज्ञानाचा, नाहीतर साहित्याचा’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. त्यामागे थोडं तथ्य आहे. 1960 च्या दशकात अपस्मारावरच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला जोड कापला होता, अशा रुग्णांच्या अभ्यासात काही कामांची विभागणी दिसली. पण तुमचा-आमचा जोड शाबूत आहे. त्यात सुमारे 20 कोटी तंतू आहेत; त्यांच्यामुळे दोन्ही अर्ध मिळूनच काम करतात.

शिवाय बहुतेकांची भाषा मुख्यतः डाव्या अर्धात असते. म्हणजे कथा लिहिणाऱ्यालाही ‘तर्काचा’ मेंदू लागतोच! आणि प्रयोग सुचायला कल्पनाशक्ती नको का?

पडताळायचंय? मेसेजसोबत येणारं गिरक्या घेणाऱ्या नर्तकीचं हलतं चित्र घ्या. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसली तर तुम्ही कल्पक, म्हणे. वरचा भाग हाताने झाका, फक्त पावलांकडे बघत राहा. थोड्या वेळाने दिशा बहुधा उलटेल. ती नुसती काळी सावली आहे; कुठला पाय पुढे, कुठला मागे, हे चित्रात दाखवलेलंच नाही. ते डोळे आणि मेंदू मिळून ठरवतात, आणि मत बदलतातही. स्वभावाचा इथे संबंध नाही.