स्क्रिप्ट भाषेतून क्लासची चाचणी

जावा, सी++ यांसारख्या कंपाइल होणाऱ्या (चालवण्यापूर्वी कंपायलरने रूपांतरित कराव्या लागणाऱ्या) भाषेतील क्लासचे (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र ठेवणाऱ्या साच्याचे) ऑब्जेक्ट पायथन, टीसीएल, ग्रूव्ही अशा स्क्रिप्ट भाषेतून तयार करून त्यांच्या मेथड (क्रिया) तपासण्याची पद्धत. तपासायचा कोड मूळ भाषेतच राहतो, चाचणी तेवढी स्क्रिप्टमध्ये लिहितात.

उगमाविषयी दोन मते मांडता येतात. पहिले मत स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेकडे बोट दाखवते. केंट बेक यांच्या स्मॉलटॉकसाठीच्या एसयुनिट या चाचणी-चौकटीवरून १९९७ च्या सुमारास बेक व एरिक गामा यांचे जावासाठीचे जेयुनिट आले. त्याच धर्तीवरचे पाययुनिट २००१ मध्ये पायथन २.१ मध्ये समाविष्ट झाले. या परंपरेने चाचणीची मांडणी दिली खरी; पण तीत चाचणी आणि क्लास एकाच भाषेत असतात. दुसरे मत टीसीएलपासून सुरुवात धरते. जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ च्या सुमारास बर्कली येथे ही भाषा इतर प्रोग्रॅममध्ये बसवता यावी म्हणूनच घडवली. डॉन लिब्स यांचे एक्सपेक्ट (दुसऱ्या प्रोग्रॅमशी आपोआप संवाद साधणारे साधन) आणि त्यावर उभी असलेली डेजाग्नू ही चाचणी-चौकट यांनी तिला चाचणीच्या कामी आणले. मात्र ही साधने अख्खा प्रोग्रॅम बाहेरून चालवतात, एकेका ऑब्जेक्टपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे प्रस्तुत पद्धतीची सुरुवात १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या दोन जोडसाधनांपासून (एका भाषेतील कोड दुसरीतून वापरू देणाऱ्या साधनांपासून) धरणे अधिक सयुक्तिक ठरते : डेव्हिड बीझली यांचे सी व सी++ साठीचे स्विग आणि जिम ह्यूगनिन यांचे जावासाठीचे जेपायथन, म्हणजे पुढचे जायथन.

चाचणी किती विश्वासार्ह, हे दोन भाषांच्या या जोडणीवरच अवलंबून असते. जायथनमध्ये ‘खाते.शिल्लक’ असे लिहिले, तर प्रत्यक्षात जावातील गेटर (मूल्य परत देणारी) मेथड चालते. एकाच नावाच्या दोन मेथडपैकी एक इंट आणि दुसरी लाँग (दोन्ही पूर्णांकांचे प्रकार) घेत असेल, तर कोणती चालवायची हे जोडणी ठरवते. चाचणी उत्तीर्ण होते आणि दुसरी मेथड न तपासताच राहू शकते. स्विगमध्ये ऑब्जेक्टची मालकी, म्हणजे त्याची मेमरी मोकळी करण्याची जबाबदारी, महत्त्वाची. मालकी पायथनकडे असेल, तरच पायथनमधील प्रतिनिधी ऑब्जेक्ट नष्ट होताना सी++ चा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी मेथड) चालतो. दोन्ही बाजूंनी मालकी धरली, तर तीच मेमरी दोनदा मोकळी होऊन प्रोग्रॅम कोसळू शकतो. टेम्पलेट क्लास (निरनिराळ्या प्रकारच्या मूल्यांसाठी एकच साचा) हवा असल्यास त्याचे प्रत्येक रूप आधी नाव देऊन घोषित करावे लागते. स्विगच्या डायरेक्टर सुविधेमुळे व्हर्च्युअल (वारसा घेणाऱ्या क्लासमध्ये बदलता येणाऱ्या) मेथड पायथनमध्ये नव्याने लिहिता येतात. खऱ्या डेटाबेसऐवजी नकली ऑब्जेक्ट पुरवायला ही सोय फार उपयोगी आहे.

ग्रूव्हीने प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आत वापरायच्या) सदस्यांवरचे बंधन बराच काळ काटेकोरपणे पाळलेले नाही. जायथनमध्येही सेटिंग बदलून ते उठवता येते. तरीही चाचण्या पब्लिक (बाहेरून वापरता येणाऱ्या) मेथडवरच बेतणे इष्ट, अन्यथा अंतर्गत रचना बदलताच त्या मोडतात. चुकीच्या प्रकारचे मूल्य कंपायलर नाकारतो की नाही, हे मात्र या पद्धतीने तपासता येत नाही. स्क्रिप्टमध्ये ती चूक प्रोग्रॅम चालू असतानाच उघड होते.

जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून, स्क्रिप्ट इंजिन (स्क्रिप्ट चालवणारा भाग) जोडण्याची प्रमाणित सोय जावातच आहे. जावाच्या क्लाससाठी ग्रूव्हीवर आधारित स्पॉक ही चाचणीची चौकट वापरली जाते.