रडारचा पृष्ठभाग आणि लेझरचा पृष्ठभाग

जुलै २०१२ मध्ये ग्रीनलँडच्या हिमचादरीचा जवळपास सगळा, म्हणजे सुमारे ९७ टक्के पृष्ठभाग वितळला. अगदी ३,२०० मीटर उंचीच्या माथ्यावरसुद्धा पाणी झालं. आणि त्याच सुमारास क्रायोसॅट-२ या युरोपीय उपग्रहाच्या रडारने किनाऱ्यापासून आतल्या, एरवी कोरड्या असणाऱ्या भागाची उंची सरासरी ५६ सेंटिमीटरने *वाढल्याचं* दाखवलं. बर्फ वितळला आणि उंची चढली! यंत्र बिघडलेलं नव्हतं. रडार ज्याला ‘पृष्ठभाग’ म्हणतं आणि आपण ज्यावर पाय ठेवू, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

उपग्रहावरून उंची मोजायच्या रडार आणि लेझर या दोन पद्धतींची गल्लत नेहमी होते, कारण त्यांचं गणित एकच आहे. खाली रेडिओ लहरींचा (रडार) किंवा प्रकाशाचा (लेझर) छोटासा स्पंद सोडायचा, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजायचा, निम्मा करून प्रकाशाच्या वेगाने गुणायचा. वेळ मोजताना एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर उंचीत १५ सेंटिमीटरची चूक. साम्य इथे संपतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये उडालेल्या नासाच्या आइससॅट-२ चा लेझर हिरव्या प्रकाशाचा आहे. सेकंदाला दहा हजार स्पंद, सहा झोत, आणि जमिनीवर पडणारा ठिपका जेमतेम डझनभर मीटरचा. हा प्रकाश बर्फाच्या वरच्या कणांवरूनच उलटतो, म्हणून तो देतो ती उंची आपल्या मनातलीच. अडचण एकच, ढग. दाट ढग असले की त्या दिवसाची मोजणी गेली.

रडारला ढगांची फिकीर नाही. पण क्रायोसॅट-२ ची लहर दोनेक सेंटिमीटर लांबीची, तर भुसभुशीत बर्फाचे कण फार तर मिलिमीटरभराचे. त्यामुळे कोरड्या बर्फात ती भुशाच्या ढिगात काठी घुसावी तशी काही मीटर आत जाते, आणि परत येतो तो वरच्या थराचा व आतल्या थरांचा मिसळलेला प्रतिध्वनी. २०१२ मध्ये वितळलेलं पाणी खाली झिरपलं आणि पुन्हा गोठून त्याचा कडक थर झाला. भुशाच्या वरच्या भागात कुणी पत्रा सरकवावा तसं झालं. काठी आता तिथेच अडू लागली. बर्फ चढला नव्हता. काठी अडण्याची जागा वर सरकली होती.

यावर एक उपाय आकडेमोडीतच आहे. प्रतिध्वनीचा जोर हळूहळू चढत जातो. त्या चढणीचा अगदी सुरुवातीचा बिंदू ‘पृष्ठभाग’ धरला, तर आतल्या थरांचा प्रभाव कमी होतो. म्हणजे कच्ची नोंद तीच असली, तरी उंची थोडी माणसाने ठरवलेली असते. दुसरा उपाय लहरच आखूड करणं. इस्रो आणि फ्रान्सचा ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरच्या रडारची लहर आठ मिलिमीटरची होती, त्यामुळे ती बर्फात फार खोल शिरत नसे. तेव्हा नुसतं ‘रडारने मोजलं’ म्हणूनही भागत नाही.

हिमालयासाठी हा काथ्याकूट जास्त महत्त्वाचा आहे. तिथल्या हिमनद्यांच्या अनेक अभ्यासांचा पाया म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर या अवकाशयानाने केलेला उंचीचा नकाशा. तोही रडारचाच, पण पद्धत निराळी: एक अँटेना यानात आणि दुसरी ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला, दोन डोळ्यांनी खोली कळावी तशी. महिना ऐन हिवाळ्याचा, उंचावरचा बर्फ कोरडा, म्हणजे लहर आत शिरणारच. समजा ती २ मीटर शिरली. नंतर लेझरने मोजलेली उंची त्या नकाशातून वजा केली, तर ५ मीटर झिजलेली हिमनदी ३ मीटरच झिजलेली दिसेल. ही दुरुस्ती न करता काढलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

गंमत म्हणजे समुद्रावरच्या बर्फासाठी हाच फरक कामाला आला. तिथे बर्फावर साचलेल्या भुसभुशीत हिमाच्या माथ्यावरून लेझर उलटतो, तर रडारची लहर कोरड्या हिमातून जाऊन बरीचशी त्याच्या तळाशी आपटते. दोन्ही उंचींची वजाबाकी केली की हिमाच्या जाडीचा अंदाज मिळतो. त्यासाठी आइससॅट-२ आणि क्रायोसॅट-२ या दोन्ही उपग्रहांनी त्याच बर्फावरून थोड्या तासांच्या अंतराने जायला हवं. जुलै २०२० मध्ये क्रायोसॅट-२ ची कक्षा जेमतेम किलोमीटरभर उचलली गेली, ती याचसाठी.