पोस्टडॉक्टरल संशोधन अनुदानांची पात्रता

पीएच.डी. झाल्यापासून कायमचे पद मिळेपर्यंतच्या काळात संशोधकाला स्वतःच्या नावावर फेलोशिप किंवा अनुदान मिळवायचे असेल, तर ज्या अटींत बसावे लागते त्या अटींचा संच. पदवी, वय किंवा पदवीनंतर उलटलेली वर्षे, नागरिकत्व, सध्याची नोकरी, यजमान संस्था आणि मार्गदर्शक यांविषयीच्या अटी त्यात येतात. पात्रता आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रतेची छाननी कार्यालयात होते, गुणवत्तेची तज्ज्ञ समितीपुढे. पहिल्या टप्प्यावर बाद झालेला अर्ज कोणी वाचतही नाही, मग त्यातली कल्पना कितीही चांगली असो.

एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातून पगार घेणारा पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर काम करणारा संशोधक) आणि स्वतःची फेलोशिप घेऊन आलेला पोस्टडॉक प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसून सारखेच काम करतात, पण कागदावर त्यांच्यात मोठा फरक असतो. पहिल्याची नेमणूक प्रकल्प संपला की संपते. दुसऱ्याचे अनुदान त्याच्या नावावर असते आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला वजन येते. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

वय की पदवीनंतरची वर्षे

उमेदवार ‘नवा’ आहे हे ठरवण्याच्या जगात दोन रीती आहेत. एक रीत जन्मतारीख पाहते, दुसरी पीएच.डी.ची तारीख. भारतातील बहुतेक सरकारी योजना पहिली रीत पाळतात, तर युरोप-अमेरिकेतील बहुतेक योजना दुसरी. फरक तांत्रिक वाटतो, पण कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे बहुतांशी यावरच ठरते.

भारतात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप ही विज्ञान-अभियांत्रिकीतील सर्वांत परिचित योजना. ती सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड म्हणजे ‘सर्ब’ने चालवली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले, सर्ब त्यात विलीन झाले आणि योजनाही तिकडे गेली. तिची वयोमर्यादा ३५ वर्षे. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, महिला आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत मिळते. वय मोजतात ते अर्जाच्या अंतिम तारखेला. ही फेलोशिप आयुष्यात एकदाच घेता येते आणि एका मार्गदर्शकाकडे एका वेळी तिचे दोनपेक्षा जास्त फेलो असू शकत नाहीत. त्यामुळे नामवंत गाइडकडे जागा आहे की नाही हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे लागते.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची मर्यादा याहून कडक आहे. वय २७ ते ३२, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ३७ पर्यंत. मुदत ५ वर्षे, मासिक रक्कम १,२५,००० रुपये आणि त्याखेरीज वर्षाला ७ लाखांचे संशोधन अनुदान. रक्कम घसघशीत आहे, पण हिशेब मांडून पाहावा. एम.एस्सी. होते बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या नेट-जेआरएफ परीक्षेच्या तयारीत एखादे वर्ष जाते, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे प्रबंध सादर होईपर्यंत तिशी गाठलेली असते. त्यानंतर दोन वर्षांची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप घेतली की खुल्या गटातल्या पुरुष उमेदवाराला इन्स्पायरचे दार बंद झालेले असते. एका योजनेने दुसरीचा रस्ता अडवावा हे कोणी ठरवून केलेले नाही. दोन जाहिराती दोन कार्यालयांत लिहिल्या गेल्या, एवढेच.

सामाजिक शास्त्रांत ही घाई कमी आहे. तिथे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएसएसआरची पोस्टडॉक्टरल फेलोशिप ४५ वर्षांपर्यंत घेता येते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या म्हणजे सीएसआयआरच्या रिसर्च असोसिएटशिपला पुन्हा ३५ वर्षेच. मात्र तिथे पीएच.डी. नसली तरी एम.ई. किंवा एम.टेक.नंतर ३ वर्षांचा संशोधनाचा अनुभव आणि मान्यताप्राप्त नियतकालिकात किमान एक शोधनिबंध असल्यास अर्ज करता येतो. अभियांत्रिकीतील लोकांसाठी ही वाट मुद्दाम ठेवली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डॉ. दौलतसिंग कोठारी फेलोशिपचे कामकाज बराच काळ पुणे विद्यापीठातून चालत असे, म्हणून महाराष्ट्रात हे नाव अनेकांच्या ओळखीचे आहे. याउलट बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या फेलोशिप पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. पदवी हातात आली की तो आधार संपतो आणि उमेदवाराला केंद्राच्या योजनांकडे पाहावे लागते.

पदवी ‘झाली’ म्हणजे कधी?

प्रबंध सादर केला तो दिवस, तोंडी परीक्षा म्हणजे व्हायवा झाला तो दिवस, विद्यापीठाने अधिसूचना काढली तो दिवस, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हाती आले तो दिवस आणि दीक्षान्त समारंभात पदवी मिळाली तो दिवस. या पाच तारखांत कधी कधी दीड-दोन वर्षांचे अंतर पडते. प्रबंध परीक्षकांकडे पडून राहतो, बाहेरचा परीक्षक तारीख देत नाही, आणि इकडे फेलोशिपची अंतिम तारीख जवळ येते. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपने सर्बच्या काळात यावर व्यवहारी तोड काढली. प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यालाही घ्यायचे, पण पदवी मिळेपर्यंत कमी रक्कम द्यायची. युरोपात युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी फेलोशिपला अंतिम तारखेपर्यंत प्रबंधाचा यशस्वी बचाव झालेला असावा लागतो, पदवीचा कागद नंतर आला तरी चालते. आधीच्या चौकटीत, म्हणजे २०२० पर्यंत, पीएच.डी.ऐवजी ४ वर्षांचा पूर्णवेळ संशोधनाचा अनुभवही तिथे चालत असे. आता चालत नाही.

आपल्याकडे याच टप्प्यावर आणखी एक कागद अडतो, तो म्हणजे जातीचा दाखला. वयाची सवलत केंद्राची असेल तर दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. इतर मागासवर्गातल्या उमेदवाराला त्याबरोबर चालू नॉन-क्रीमीलेअर दाखला जोडावा लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती ही महाराष्ट्राची वर्गवारी आहे. केंद्राकडे त्यांतले बहुतेक समाज इतर मागासवर्गाच्या यादीत येतात, त्यामुळे राज्याचा दाखला जसाच्या तसा जोडून भागत नाही. राज्याने २०२४ मध्ये मराठा समाजाला दिलेले सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचे आरक्षण राज्यापुरते आहे, त्यावर केंद्राच्या फेलोशिपमध्ये वयाची सवलत मिळत नाही. तहसील कचेरीत दोन खेटे घालायची तयारी जाहिरात निघण्याआधीच ठेवलेली बरी.

अमेरिका : के-९९/आर-००

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ मध्ये के-९९/आर-०० हे अनुदान सुरू केले. पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळेपर्यंत संशोधक चाळिशी ओलांडतात ही त्यामागची चिंता होती. रचना दोन भागांची आहे. आधी के-९९ वर जास्तीत जास्त २ वर्षे मार्गदर्शकाच्या हाताखाली काढायची. मग स्वतंत्र पद मिळाले की आर-०० ची ३ वर्षे, वर्षाला कमाल २,४९,००० डॉलर.

पात्रतेची मुख्य अट अशी की अर्जाच्या तारखेला पोस्टडॉक संशोधनाचा अनुभव ठरलेल्या वर्षांपेक्षा जास्त नसावा. सुरुवातीला ही मर्यादा ५ वर्षांची होती, २०१४ पासून ४ झाली. लोकांनी लवकर स्वतंत्र व्हावे हा हेतू उघडच होता. प्राण्यांवर दीर्घकाळ प्रयोग करणाऱ्यांना मात्र चार वर्षांत सांगण्यासारखा निष्कर्ष हाती लागेलच असे नाही, आणि पहिला अर्ज नाकारला गेल्यावर सुधारून पाठवायचा अर्जही त्याच चार वर्षांत बसवावा लागतो. डॉक्टरांच्या बाबतीत फक्त रुग्णसेवेत गेलेला प्रशिक्षणाचा काळ मोजत नाहीत. मुदतीच्या काळात बाळंतपण झाल्यास एक वर्ष वाढवून मिळते. ज्याला आधीच स्वतंत्र प्राध्यापकपद मिळाले आहे, तो अपात्र.

नागरिकत्वाच्या बाबतीत हे अनुदान वेगळे आहे. त्याच कुटुंबातली के-०१, के-०८, के-२३ ही अनुदाने अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांपुरती मर्यादित आहेत. के-९९ ला ती अट नाही. बॉस्टन किंवा ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत जे-१ वा एच-१बी या तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोस्टडॉकच्या बोलण्यात हेच नाव वारंवार येते, ते या कारणाने.

युरोप : राहिलात कुठे?

मारी क्यूरी फेलोशिपला वयाची अट नाही आणि तिच्या युरोपीय शाखेला नागरिकत्वाचीही नाही. पीएच.डी.नंतर जास्तीत जास्त ८ वर्षांचा संशोधनाचा अनुभव ही एक मर्यादा. त्यातून संशोधनाबाहेर काढलेली वर्षे आणि कारकिर्दीतला खंड वजा होतो. दुसरी अट स्थलांतराची. ज्या देशात जायचे, तिथे अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ उमेदवार राहिलेला किंवा काम करत असलेला नसावा. जर्मनीत नुकतीच पीएच.डी. केलेल्या सोलापूरच्या मुलीला ही फेलोशिप घेऊन जर्मनीत राहता येणार नाही, पण फ्रान्सला किंवा डेन्मार्कला जाता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) किंवा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून थेट निघालेल्याला सगळेच देश खुले. घराजवळ राहणे ज्यांना भाग आहे, त्यांना ही अट जाचक वाटते आणि त्यात तथ्य आहे. पण योजनेचा उद्देशच माणसे हलवण्याचा आहे. आधीच्या फेरीत ७० टक्क्यांखाली गुण मिळाले असतील, तर त्याच यजमान संस्थेकडून लगेच पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही.

एम्बो या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेची पोस्टडॉक्टरल फेलोशिप घाई करायला लावते. पीएच.डी.ला २ वर्षे व्हायच्या आत अर्ज आणि प्रथम लेखक म्हणून किमान एक शोधनिबंध. भारत २०१६ पासून या व्यवस्थेचा सहयोगी सदस्य असल्याने भारतातल्या प्रयोगशाळेत येण्यासाठीही ती मागता येते.

युरोपियन रिसर्च कौन्सिलचे स्टार्टिंग ग्रँट हे पोस्टडॉक संपवून स्वतःचा गट उभा करणाऱ्यांसाठी आहे. पीएच.डी.नंतर २ ते ७ वर्षे ही त्याची परिचित चौकट. खंडाची मोजणी इथे सर्वांत काटेकोर केलेली दिसते. आईला प्रत्येक अपत्यामागे १८ महिने वाढवून मिळतात, मूल पीएच.डी.आधी झालेले असले तरी. वडिलांनी प्रत्यक्षात घेतलेली रजा कागदोपत्री दाखवली तर तेवढीच वाढ. लष्करी सेवा, दीर्घ आजार, डॉक्टरांचे प्रशिक्षण हेही धरतात.

खंड पडलेल्यांचे काय?

भारतीय पद्धतीतली महिलांसाठीची ५ वर्षांची सरसकट सवलत आणि युरोपातली अपत्यागणिक सवलत यांत विचाराचा फरक आहे. पहिलीत पुरावा मागत नाहीत, त्यामुळे ती सोपी. पण सासऱ्यांच्या आजारपणात किंवा नवऱ्याच्या बदलीपायी सात-आठ वर्षे घरी राहिलेल्या बाईला ती पुरत नाही. त्यासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने महिला शास्त्रज्ञ योजना वेगळी काढली. तिच्या एका शाखेत २७ ते ५७ वयापर्यंतच्या स्त्रियांना पुन्हा प्रयोगशाळेत येता येत असे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या डीबीटी/वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्स या २००८ पासूनच्या फेलोशिपने तर वयाची आणि नागरिकत्वाची अटच ठेवली नाही. आरोग्य आणि जीवविज्ञानापुरती असली, तरी भारतात पदवीनंतरच्या संशोधनकाळावर बेतलेली ही सर्वांत ठळक योजना.

एका गटासाठी मात्र कोणीच खिडकी उघडलेली नाही. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणारे सहायक प्राध्यापक पीएच.डी. असूनही वर्षानुवर्षे तासांच्या हिशेबाने मानधन घेत राहतात. त्यांचे पद नियमित नाही, म्हणून नियमित पदावरच्या तरुण प्राध्यापकांसाठी असलेली अनुदाने त्यांना मिळत नाहीत. वय पस्तिशीपार गेलेले असते, म्हणून विज्ञानातल्या बहुतेक पोस्टडॉक फेलोशिपही नाहीत. तासिकेवर गेलेली वर्षे वयातून वजा करण्याची तरतूद नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये नाही. खंड म्हणजे घरी बसणे, एवढीच व्याख्या या नियमांना ठाऊक आहे.

परतणाऱ्यांसाठीच्या योजना

रामानुजन फेलोशिप आणि जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप यांची अट उलटी आहे. अर्ज करताना उमेदवार परदेशात असावा लागतो. रामानुजनची वयोमर्यादा ४०. रामलिंगस्वामीसाठी परदेशात किमान ३ वर्षे पोस्टडॉक संशोधन केलेले असावे लागते. दोन्ही ५ वर्षांच्या. परत येऊन, जागा शोधत मग अर्ज करू असा बेत करणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण भारतात पद स्वीकारले की पात्रता जाते. परदेशातून परतायचे ठरले की सामान बांधायच्या आधी अर्ज, यजमान संस्थेच्या संचालकाचे सही-शिक्क्याचे संमतीपत्र आणि परदेशातल्या नेमणुकीचे पत्र, हे तिन्ही हातात असावे लागतात.