वसईची धर्मग्रामं: पोर्तुगीज गेल्यानंतरची गोष्ट

वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगायला लोक पोर्तुगीजांपासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतात. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या कॅथॉलिक संघांचे मिशनरी आले, चर्चेस उभी राहिली, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. त्यात सक्ती होती, सवलतींचं आमिष होतं आणि मनापासून पटलेली माणसंही होती. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया व्यापारासाठी जपानला गेले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

पण हा समाज आज जसा आहे तसा घडला तो पोर्तुगीज गेल्यानंतर, असं मला ठामपणे वाटतं.

मे 1739 मध्ये चिमाजीआप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. युरोपीय मठवासी निघून गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मुभा होती. काही कुटुंबं परत हिंदू झाली. बाकीच्यांनी श्रद्धा टिकवली, तीही पाठीशी कुठली सत्ता नसताना. गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी गावोगावचे भाविक सांभाळले. यांच्याविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलं आहे, याची खंत वाटते.

पेशवाईच्या त्या काळात ख्रिस्ती घर आणि शेजारचं हिंदू घर यांच्यात उपासना सोडली तर फारसं अंतर नव्हतं. सामवेदी समाजातल्या ख्रिस्ती आणि हिंदू यांची बोली एकच, कादोडी. वाडवळ समाजाचंही तसंच. बायकांचं लाल लुगडं, लग्नातली गाणी, मांडव, मानपान, सगळं याच मातीतलं. आडनाव डिमेलो किंवा लोपीस असलं तरी घरातलं बोलणं या किनाऱ्याचंच राहिलं. रमेदी माऊलीच्या (चर्चमधल्या मरियामातेच्या) दर्शनाला हिंदू शेजारी येतात आणि निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेत ख्रिस्ती घरची पोरं हौसेने फिरतात.

पोटापाण्याचा आधार होता वाडी, म्हणजे बागायत. राजेळी केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला. आगाशीची सुकेळी प्रसिद्धच आहेत. समुद्राजवळच्या या पट्ट्यात गोडं पाणी मिळायचं ते बावखलांमुळे. पावसाचं पाणी धरून ठेवणारी ही खोदलेली तळी वाडीला उन्हाळ्यापर्यंत पुरत आणि जमिनीतलं खारं पाणी लांब ठेवत. धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीचं, वर्षही याच शेतीच्या अंगाने चालायचं. पावसाळ्यात लावणी, नाताळला येशूजन्माचा गोठ्याचा देखावा आणि फुगे (तळलेला खाद्यपदार्थ), ईस्टरआधीचा उपवासकाळ, त्यातला झावळ्यांचा रविवार, मे महिन्यात क्रूसाजवळ संध्याकाळची रोजरी (जपमाळेची प्रार्थना), आणि गावच्या संताच्या सणाला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), घरभर पाहुणे.

चर्च हे केवळ प्रार्थनेपुरतं नव्हतं. शाळा तिथून निघाल्या. सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून 1918 मध्ये सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बेसीन कॅथॉलिक बँक.

मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होती. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेने, लोकभाषेला दार उघडलं आणि वसईत वेदीवर मराठी आली. माझ्या मते 1739 नंतरची ही सर्वात मोठी घटना. आजी जे शब्द न कळता म्हणत होती, त्यांचा अर्थ नातवाला कळू लागला. मराठी भक्तिगीतं आली, ‘सुवार्ता’ मासिकाभोवती लिहिणाऱ्यांची पिढी तयार झाली. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालचा चर्चचा विभाग) झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बिल्डरांच्या आक्रमणाविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी करणारेही तेच.

ती लढाई अजून चालू आहे. गावांच्या कडेने इमारती चढल्या, कित्येक बावखलं मातीने बुजवली गेली आणि ज्या घरांत वाडी राहिली नाही, तिथं कादोडीही इंग्रजी शाळेच्या वाटेवर मागे पडते आहे. आता काही गावांतले तरुण बुजलेली बावखलं पुन्हा उपसायला लागले आहेत.