टोरंट की सिंक? अठरा जीबी भजनं आणि जमाखर्चाची वही

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारात एक भजनी मंडळ आहे. जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली साडेतीनशे रेकॉर्डिंग त्यांच्या एका संगणकावर पडली आहेत, एकूण १८ जीबी. ती आठ घरी पाठवायची आहेत: दोन बडोद्यातल्याच मांजलपूरला, तीन पुण्याला, एक इंदूरला, दोन परदेशी. शिवाय मंडळाच्या जमाखर्चाची एक्सेल फाइल आणि वर्गणीदारांची यादी आहे. त्या दोन्ही खजिनदार आणि चिटणीस आळीपाळीने भरतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर विचारलं की एक जण म्हणतो, टोरंट करा. दुसरा म्हणतो, सिंक लावा, एकच आहे ते.

एकच नाही. दोन्हींमध्ये फाइल एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर जाते आणि मध्ये कुणाचं गोदाम नसतं, एवढंच साम्य. गोंधळाला नावाचंही कारण आहे. बिटटोरंट कंपनीनेच २०१३ साली ‘बिटटोरंट सिंक’ नावाचा प्रोग्राम काढला होता. तो २०१६ मध्ये ‘रेझिलिओ’ या नावाने वेगळा झाला, पण ‘टोरंटवालं सिंक’ हे लोकांच्या तोंडी राहिलं. इथे सिंकसाठी सिंकथिंग धरलं आहे आणि टोरंटसाठी क्यूबिटटोरंट. दोन्ही फुकट आहेत, मुक्त स्रोताचे आहेत आणि जाहिराती दाखवत नाहीत.

खरा फरक असा. टोरंटमध्ये ओळख वस्तूची असते, सिंकमध्ये ओळख मशीनची.

ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट आणलं तेव्हापासून कल्पना तीच आहे. फोल्डरचे सारख्या मापाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढायचा, आणि ते सगळे ठसे व फाइलींची नावं मिळून एक मोठा ठसा. नेहमीच्या टोरंटमध्ये तो चाळीस अक्षरा-अंकांचा असतो आणि मॅग्नेट लिंकमध्ये, म्हणजे टोरंट उघडायच्या लिंकमध्ये, जी लांबलचक ओळ दिसते ती हीच. १८ जीबीला ४ एमबीचे तुकडे धरले तर ते साडेचार हजारांच्या आसपास होतात. कुठलाही तुकडा कुणाकडूनही आला तरी ठसा जुळल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही, म्हणून अनोळखी माणसाकडून घेतलेली फाइलही अखंड पोचते. अखंड म्हणजे निर्धोक मात्र नव्हे. बनवणाऱ्यानेच व्हायरस घातला असेल तर तोही अगदी अखंड येतो.

उलट बाजूही त्यातच आली. एका भजनाच्या नावात ऱ्हस्वदीर्घाची चूक सुधारली तरी मोठा ठसा बदलतो, म्हणजे ते दुसरंच टोरंट होतं. सयाजीरावांच्या काळी संस्थानात गावोगाव फिरत्या वाचनालयाच्या पेट्या जायच्या, तसं हे. पेटी भरून बंद केली की आतली पुस्तकं ठरली. म्हणून नावं, क्रम, कॅसेटीची ए-बी बाजू हे सगळं आधी नीट लावा आणि मगच टोरंट बनवा. हा कंटाळवाणा तास वाचवायला गेलात तर पुढे आठ घरी दुसरी लिंक पाठवावी लागते.

सिंकथिंगला वस्तूचं काही पडलेलं नाही. त्यात प्रत्येक मशीनला ५६ अक्षरांचा डिव्हाइस आयडी असतो, सात-सात अक्षरांच्या आठ गटांत छापलेला. खजिनदाराने चिटणिसाच्या मशीनचा आयडी घालायचा आणि चिटणिसाने खजिनदाराचा मान्य करायचा. एकतर्फी काहीच होत नाही. त्यानंतर ठरवलेल्या फोल्डरमध्ये आज जे आहे ते दोन्हीकडे आहे. उद्या एक ओळ बदलली तर तीही दोन्हीकडे बदलते. एकाने फाइल पुसली तर दुसरीकडचीही जाते.

म्हणून निवड करताना एकच प्रश्न विचारायचा: पाठवल्यानंतर ही वस्तू बदलणार आहे का? भजनं बदलणार नाहीत, म्हणून टोरंट. जमाखर्च रोज बदलतो, म्हणून सिंक.

टोरंट बनवताना

क्यूबिटटोरंटमध्ये ‘टूल्स’ मेनूतून ‘टोरंट क्रिएटर’ उघडा आणि फोल्डर निवडा. तुकड्याचं माप ‘ऑटो’ वरच ठेवा. ‘स्टार्ट सीडिंग इमिजिएटली’ वर खूण करा. ‘प्रायव्हेट’ची चौकट मात्र रिकामी सोडा. नाव वाचून हात तिकडेच जातो आणि नवशिक्यांचं पहिलं टोरंट बहुधा इथेच अडतं. त्या खुणेने फाइल गुप्त होत नाही, की कुलूपबंदही होत नाही. तिने एवढंच होतं की ट्रॅकरखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाटेने एकमेकांना शोधायचं नाही असा नियम लागतो. ट्रॅकर म्हणजे कोण-कोण हजर आहे ते सांगणारा सर्व्हर. तो दिला नसेल आणि ‘प्रायव्हेट’वर खूण असेल, तर आठही घरी सापडलेल्यांचा आकडा ‘०’ दिसत राहतो. खूण नसेल तर डीएचटी नावाच्या सामाईक पत्त्यांच्या वहीतून माणसं सापडतात. पहिल्यांदा त्याला काही मिनिटं लागतात, घाबरू नये. टोरंट तयार झालं की त्यावर उजवी क्लिक करून मॅग्नेट लिंक कॉपी करायची आणि ग्रुपवर टाकायची.

आता वेळेचा हिशेब. अपलोड २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला अडीच एमबी जातात, म्हणजे १८ जीबीला आदर्श परिस्थितीत दोन तास. आठ जणांना एकेकाला पाठवलं तर सोळा तास. टोरंटमध्ये सगळे एकाच वेळी चालू असतील तर पुण्याला पोचलेला तुकडा पुणेच इंदूरला देतं. कुणाकडे कमी असलेला तुकडा आधी मागायचा हा नियमच आहे, त्यामुळे प्रती वेगवेगळ्या दिशांनी वाढतात आणि बाकीच्यांची अपलोडही बरी असेल तर एकूण वेळ दोन तासांच्या थोडाच वर जातो. अट एकच: सगळ्यांनी एकत्र चालू करायचं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दिवशी मुहूर्त काढाल तर बडोद्यातली माणसं गच्चीवर आणि संगणक बंद. रविवारची रात्र बरी.

अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८० टक्क्यांवर बांधा. पूर्ण भरली की डाउनलोडच्या पावत्याही (तुकडा पोचल्याचे निरोप) त्याच अरुंद वाटेत अडकतात, आणि घरातला व्हिडिओ कॉल तुटायला लागतो.

९९.८ टक्क्यांवर अडकणं हा टोरंटचा सर्वांत प्रसिद्ध आजार. ‘अव्हेलेबिलिटी’चा रकाना पाहा. तो आकडा १ पेक्षा कमी, म्हणजे ०.९९ वगैरे असेल, तर हजर असलेल्या सगळ्यांकडचं मिळूनही एक पूर्ण प्रत होत नाही. मूळ सीडरने, म्हणजे पूर्ण प्रत वाटणाऱ्याने, लवकर संगणक बंद केला असं समजा. म्हणून दोन घरी शंभर टक्के झाल्याशिवाय मूळ मशीन बंद करायचं नाही.

एक सोपी युक्ती. मांजलपूरच्या दोन घरी इंटरनेटवरून कशाला पाठवता? पोर्टेबल डिस्कवर फोल्डर घेऊन जा, त्यांच्या संगणकावर उतरवा, तीच मॅग्नेट लिंक जोडताना तेच ठिकाण दाखवा आणि ‘फोर्स रीचेक’ करा. ठसे जुळले की ते घर लगेच पूर्ण सीडर होतं. ठिकाण चुकून एक पायरी आत दिलंत तर ‘भजनं’ फोल्डरच्या आत आणखी एक ‘भजनं’ तयार होतो आणि डाउनलोड शून्यापासून सुरू होतं. तसं दिसलं की थांबवा, ठिकाण दुरुस्त करा, पुन्हा रीचेक करा.

रीचेकनंतर १०० च्या जागी ९७ टक्के आले तर? बहुतेक वेळा गुन्हेगार गाणी वाजवणारा प्लेअर असतो. काही प्लेअर एमपीथ्री फाइलमध्ये गायकाचं नाव, चित्र असलं काही न विचारता लिहून ठेवतात. कानाला फरक कळत नाही, ठशाला कळतो. टोरंट ते तुकडे दुसऱ्यांकडून परत आणून फाइल मूळ पदावर नेतं. हाच उद्योग सिंकच्या फोल्डरमध्ये झाला असता तर ती बदललेली फाइल निमूटपणे सगळ्यांकडे पोचली असती. दोघांचा स्वभाव ओळखायला हे एक उदाहरण पुरे.

सिंक लावताना

सिंकथिंग ब्राउझरच्या पानात उघडतं. ‘अॅक्शन्स’ मधून ‘शो आयडी’ घेतला की आयडी आणि क्यूआर कोड दिसतो. दुसऱ्या मशीनवर ‘अॅड रिमोट डिव्हाइस’, पहिल्यावर आलेली विनंती मान्य. मग ‘अॅड फोल्डर’, त्यातल्या ‘शेअरिंग’ टॅबमध्ये समोरच्या मशीनवर खूण, आणि समोर आलेल्या सूचनेत फोल्डर कुठे ठेवायचा ते ठिकाण. ते ठिकाण रिकामंच असू द्या. आधीच काही असलेल्या फोल्डरवर लावलंत तर दोन्हीकडचं सगळं दोन्हीकडे जातं, आणि चिटणिसाच्या घरचे लग्नाचे फोटो खजिनदाराकडे येतात.

‘फोल्डर टाइप’ नीट निवडा. खजिनदार आणि चिटणीस दोघे लिहिणार, म्हणून ‘सेंड अँड रिसीव्ह’. अध्यक्षांना फक्त पाहायचं आहे, त्यांच्याकडे ‘रिसीव्ह ओन्ली’. त्यांनी चुकून काही पुसलं तरी बाकीच्यांकडे जात नाही.

जुन्या प्रती जपण्यासाठी ‘फाइल व्हर्जनिंग’ टॅबमध्ये ‘ट्रॅश कॅन’ किंवा ‘स्टॅगर्ड’ निवडून ठेवा, दोन्ही मशीनवर. यात एक खाच आहे. दुसऱ्या मशीनवरून आलेल्या बदलामुळे जुनी फाइल जाते तेव्हाच ती जपली जाते. खजिनदाराने स्वतःच्या मशीनवर स्वतः पुसलेली फाइल त्याच्याकडे जपली जात नाही, ती चिटणिसाकडच्या कपाटात मिळते. म्हणून एकाच बाजूला लावून उपयोग नाही. आणि हे सगळं करूनही सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, महिन्याकाठी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्याच.

दोघांनी एकच एक्सेल फाइल जवळपास एकाच वेळी बदलली तर सिंकथिंग दोन्ही ठेवतं. जिची वेळ जुनी, तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख घुसते. ती पुसायच्या आधी उघडून पाहा. राहिलेली वर्गणी तिथेच नोंदलेली असण्याची शक्यता बरीच.

फोनवर हवं असेल तर लक्षात ठेवा, अँड्रॉइडचं मूळ अॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालं. आता ‘सिंकथिंग-फोर्क’ वापरतात. फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग त्याला झोपवते, तेवढी सूट द्यावी लागते.

जोडणीच होत नसेल तर

दोन्हींचं दुखणं एक, उपाय वेगळे. पुष्कळ कनेक्शनांवर शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही त्यातलेच. अशा दोन घरांमध्ये टोरंट सहसा थेट जुळत नाही. एका घराचं तरी दार उघडं लागतं: कंपनीकडून स्वतंत्र आयपी घ्या, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, मुबलक पत्ते) चालू करा. सिंकथिंग थेट जमलं नाही तर स्वयंसेवकांच्या रिले सर्व्हरवरून, म्हणजे मजकूर नुसता पुढे देणाऱ्या मधल्या संगणकावरून, जातं. मजकूर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंदच राहतो, वेग मात्र रडतखडत. एक्सेलला तो पुरतो, १८ जीबीला नाही.

गुप्ततेचं थोडक्यात. मॅग्नेट लिंक ज्याच्या हाती लागेल तो सामील होऊ शकतो, सामील झालेल्यांचे आयपी एकमेकांना दिसतात, आणि डीएचटीतले ठसे गोळा करत फिरणारे प्रोग्राम असतातच. तेव्हा मोबाइल नंबर असलेली वर्गणीदारांची यादी टोरंटमध्ये घालू नये. टोरंट स्वतः बेकायदा नाही, पण त्यात घेता घेता तुम्ही वाटतही असता. भारतात ध्वनिमुद्रिकेचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतात आणि गाणाऱ्याचे स्वतंत्र हक्क ५० वर्षं. मंडळाच्या बैठकीत स्वतः टेप केलेलं वेगळं, बाजारातून आणलेली कॅसेट वेगळी. सरावासाठी आधी उबुंटू किंवा लिबरऑफिसचं अधिकृत टोरंट उतरवून पाहावं.

शेवटचं, कारण ते हमखास कुणाला तरी सुचतं: टोरंटचं डाउनलोड सिंकच्या फोल्डरमध्येच उतरवायचं, म्हणजे दोन्हींचा फायदा. असं करू नका. अर्धवट फाइल दर सेकंदाला बदलत असते, सिंकथिंग ती पुन्हा पुन्हा तपासत आणि पाठवत बसतं, आणि दोघांच्या ओढाताणीत डिस्क गुरगुरत राहते. ‘भजनं’ आणि ‘जमाखर्च’ असे दोन फोल्डर शेजारी शेजारी ठेवा, एकात दुसरा नको.