कोंबडीच्या पोटात एन्झाइम, आणि गोण फोडणाऱ्याच्या छातीत?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे माझ्या मावसभावाचं ब्रॉयलरचं शेड आहे. मे महिन्यात गेलो तेव्हा तो फीड मिक्स करत होता, मका, सोया पेंड, डीसीपी (म्हणजे फॉस्फरससाठी घालतात ती डायकॅल्शियम फॉस्फेटची पूड), आणि सगळ्यात शेवटी एका पाकिटातली फिकट पावडर. ते पाकीट त्याने वरून उलटं करून झटकलं, दारातनं उन्हाची तिरीप येत होती आणि त्या तिरपेत पावडर तरंगताना अगदी स्पष्ट दिसत होती. वहिनी म्हणाली, "भावजी, हे एन्झाइम म्हणे, कोंबडी खाणाऱ्याला काय होत नाही ना?"

आधी हे घालतात कशाला ते सांगतो. मका-सोयातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात अडकलेला असतो, आणि कोंबडी किंवा डुक्कर, दोघांकडेही तो सोडवणारं फायटेज नावाचं एन्झाइम पुरेसं नसतं. मग तो विष्ठेतून बाहेर पडतो, पावसात वाहून व्हाळात जातो, आणि आपण वरून महागडं डीसीपी घालत बसतो. बाहेरून फायटेज दिलं की तोच फॉस्फरस पक्ष्याच्या अंगी लागतो, डीसीपी कमी लागतं. हे फायटेज 1991 पासून बाजारात आहे, बुरशी किंवा यीस्ट वाढवून बनवतात.

आता सेफ आहे की नाही हे ठरवतात कसं? युरोपात 2003 च्या कायद्याप्रमाणे कंपनीला सगळे पुरावे द्यावे लागतात आणि मिळालेली परवानगीही 10 वर्षांचीच असते. पिल्लांना ठरलेल्या डोसाच्या 10 पट, कधी 100 पट सुद्धा एन्झाइम देऊन 35 दिवस बघतात, दूध सोडलेल्या डुकराच्या पिल्लांना 42 दिवस, वजन, खाणं, मर सगळं मोजतात. ज्या बुरशीपासून एन्झाइम काढलं ती विष तयार करते का, तिच्या जिवंत पेशी किंवा अँटिबायोटिकला दाद न देणारे जीन पावडरीत उरलेत का, हेही तपासतात. खाणाऱ्या माणसासाठी बॅक्टेरियावर म्युटेशनची टेस्ट आणि उंदरांवर 90 दिवसांचा अभ्यास असतो. आणि एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीनच, कोंबडीच्या पोटात पचून जातं, त्यामुळे वहिनीच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ होतं, ताटातल्या शागुतीची काळजी नको.

पण मला काळजी वाटली ती भावाची, कारण पोटात पचणारं प्रोटीन श्वासातून छातीत गेलं की गोष्ट वेगळी. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये एन्झाइमवाली कपड्यांची पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना दमा झाल्याचं डॉक्टरांनी लिहिलं, त्यानंतर एन्झाइमचे, वरून कोटिंग केलेले दाणे आले म्हणजे धूळ उडू नये. शरीर एकदा का त्या प्रोटीनला ओळखायला लागलं की नंतर अगदी थोडी धूळही पुरते. म्हणून युरोपचे तज्ज्ञ प्रत्येक फीड एन्झाइमबद्दल वेगळा पुरावा मागत बसत नाहीत, प्रोटीन आहे ना, मग श्वासाची अ‍ॅलर्जी करू शकतं असंच धरून चालतात. मला हे फार पटतं. खाणाऱ्याची चौकशी सगळे करतात, गोण फोडणाऱ्याची कोण करतो!

मी त्याला सांगितलं की पाकीट झटकू नको, खाली टेकवून हळू ओत, आधी चार-पाच किलो भरड्यात कालव आणि मग मोठ्या ढिगात टाक, एन-95 मास्क लाव, तोंडाला बांधलेला टॉवेल चालत नाही, आणि मिळत असेल तर दाणेदार नाहीतर लिक्विड माल घे. मग विचारलं, मिक्सिंगच्या दिवशी रात्री खोकला येतो का रे?

तो काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाली, "येतो. शिट्टीसारखा आवाज येतो छातीतून. गणपतीत आठ दिवस शेड बंद होतं तेव्हा नव्हता."

शेडमध्ये लिटरची, म्हणजे कोंबड्यांखाली पसरलेल्या भुशाची, धूळ असते, अमोनिया असतो, त्यामुळे दोष एन्झाइमचाच असं मी म्हणत नाही. पण सुट्टीत थांबणारा आणि कामावर परत येणारा खोकला डॉक्टरला दाखवायलाच हवा. त्या पाकिटाचं लेबल मी कापून त्याच्या खिशात घातलं, डॉक्टरला दाखव म्हटलं, आणि सोमवारी त्याला घेऊन गेलो.