गोठा, वरकस आणि वारसनोंद: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या घरांची पार्श्वभूमी

मुरबाड, शहापूर नाहीतर कर्जतकडे थोडी शेतजमीन घ्यायची, तिथे दोन गाई, चार शेळ्या आणि डालग्याखाली गावठी कोंबड्या ठेवायच्या, असा बेत हल्ली ठाण्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच घरांत शिजतो. त्यात निवृत्त माणसं आहेत, तशी तिशीतली पोरंही आहेत. बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्यांपेक्षा बाळकूम, कोलशेत, घणसोली, करावे, दिवाळे अशा मूळ गावांतल्या घरांमध्ये या बेताला आणखी एक पदर असतो. ‘आपल्या आज्याकडे होतं तसं’ हे शब्द तिथे हमखास ऐकू येतात. आज्याकडे नेमकं काय होतं, ते कशाच्या आधारावर चालत होतं आणि गेलं कसं, हे मात्र घरात क्वचितच कुणी नीट सांगू शकतं.

या पट्ट्यात आगरी, कोळी, कुणबी आणि डोंगराच्या बाजूला वारली, कातकरी, ठाकर अशी वस्ती. खाडीच्या अंगाला मिठागरं आणि खारजमीन, मधल्या सपाटीवर भातशेती, वर पारसिकची टेकडी किंवा येऊरचं रान. घर म्हणजे ओटी, माजघर, मागची पडवी आणि भिंतीला भिंत लावून गोठा. गोठ्यात नांगराची बैलजोडी, जमलं तर चिखलणीला रेडा, ऐपत असली तर एखादी दुभती म्हैस. शेळ्या आणि कोंबड्या जवळपास सगळ्यांकडे. कोंबडं पाहुण्याला, नवसाला, गावदेवीच्या जत्रेला. अंगणात पेंढ्याची उडवी. बलिप्रतिपदेला बैलांची शिंगं रंगवून त्यांना आगीवरून उडवायचं. घाटावर बैलपोळ्याला जो मान, तो इकडे दिवाळीतल्या या दिवसाला.

हे सगळं चित्र देखणं आहे आणि म्हणूनच थोडं फसवं. गोठा हा शेतीला जोडलेला पूरक धंदा होता, असं आपण सहज म्हणून टाकतो. ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीत तो शेतीच्या मुळाशीच होता, आणि त्याचं कारण राब.

भाताची रोपं जिथे तयार करायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांचा टाहाळ म्हणजे तोडलेल्या पानदार फांद्या, मग पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा पातळ हात, आणि वारा पाहून ते पेटवायचं. भाजलेल्या जमिनीत तण कमी उगवतं, रोप जोमानं येतं. मृगाच्या सरी आल्या की बी टाकायचं आणि पुढे आवणी, म्हणजे रोपांची लावणी. ह्या भाजणीलाच राब म्हणतात. ह्या एका कामासाठी शेण पाहिजे, म्हणजे गुरं पाहिजेत. टाहाळ आणि गवत पाहिजे, म्हणजे रान पाहिजे. म्हणून भातखाचराच्या जोडीला प्रत्येक शेतकऱ्याकडे चढावरची, कमी साऱ्याची जमीन असे. तिचं नाव वरकस. नुसता नकाशा पाहणाऱ्याला ती पडीक वाटावी अशीच असते. पण १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यातसुद्धा वरकस जमिनीची व्याख्या भातशेतीला राब पुरवणारी जमीन अशीच केलेली आहे. कायदा लिहिणाऱ्यांना जे कळलं होतं, ते पुढे शहर आखणाऱ्यांच्या हिशेबात राहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाऱ्या पाटातली गोष्ट वेगळी. तिथे राब फारसा लागत नसे, मोड आणलेलं बी चिखलात फेकत. त्याला रहू म्हणतात. तिथली खरी मेहनत बांधबंदिस्तीची, कारण एका उधाणात बांध फुटला की पुढची दोन-तीन वर्षं पीक नाही. राता नावाचा तांबडा भात ह्या जमिनीचा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात पुढे क्षार सहन करणाऱ्या भातावर बरंच काम झालं. खाडीकाठच्या घरात गुरं कमी आणि मीठ-मासळी जास्त, हा फरक यातूनच आलेला आहे. तेव्हा ‘आमच्या पूर्वजांकडे मोठा गोठा होता’ असं सांगणाऱ्याचं गाव खाडीवर की डोंगराकडे, हे आधी विचारून घ्यावं.

गोठ्याला पहिला धक्का शहरानं दिला नाही. तो इंग्रजी वनकायद्यानं दिला. १८७८ च्या कायद्याखाली राखीव जंगलं आखली गेली आणि टाहाळ तोडणं, गुरं चारणं यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राबासाठी पाला मिळेना म्हणून तक्रारी एवढ्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. हा राग पिढीभरात विरला नाही. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. शाळेत तो आपण मिठाच्या सत्याग्रहाच्या शेपटाला शिकतो. त्यामागे चुलीचं सरपण, राबाचा टाहाळ आणि गुरांचा चारा होता, हे लक्षात घेतलं की गाव का पेटला ते कळतं.

दुसरी गोष्ट मालकीची. आज्याकडे जमीन ‘होती’ याचा अर्थ तो ती कसत होता. ती त्याच्या नावावर असेलच असं नाही. या भागात खोत, इनामदार, सावकार यांच्या जमिनी कुळं कसत. कुळकायद्यातल्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. मग कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, हप्ते भरायचे आणि ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळायचं. अनेक घरांत हा कागद देव्हाऱ्याखालच्या पेटीत सापडतो.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १९५७ ला जमीन कुळाची झाली. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांसाठी जमिनी जाऊ लागल्या. १९७० च्या फेब्रुवारीत नव्या शहरासाठी संपादनाची अधिसूचना निघाली, मार्चमध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवणारी सरकारी कंपनी सिडको उभी राहिली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रकल्प. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवर नाव लागून जेमतेम तेरा वर्षं झाली होती. काही घरांत तर खरेदीचे हप्तेही पुरते फिटले नसतील.

संपादनात गावठाण वगळलं गेलं. घर राहिलं, गोठा राहिला. खाचर गेलं, वरकस गेली, गुरचरण गेलं. मग पेंढा कुठला, चारा कुठला? मोबदला जमिनीच्या क्षेत्रावर होता. खुंट्याला बांधलेल्या जनावरानं उद्या काय खायचं, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. आधी बैल विकले गेले, मागोमाग रेडे. म्हशी काही वर्षं टिकल्या, कारण दुधाला वाशीच्या नव्या वसाहतींत गिऱ्हाईक होतं. रिकाम्या गोठ्याला पत्रे घालून खोली काढली आणि भाड्यानं दिली. अशा कितीतरी भाड्याच्या खोल्या आजही जुन्या मोजणीत ‘गोठा’ आहेत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई-दास्तान फाट्याचं आंदोलन शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालं, पाच जण हुतात्मा झाले आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व त्यातून पुढे आलं. लढा मोठाच. पण भूखंडावर इमारत उभी राहते, राब भाजता येत नाही. घोडबंदरच्या बाजूला सिडको नव्हती. तिथे तेच काम आधी कारखान्यांनी आणि नंतर बिल्डरांनी केलं.

त्यात १९७६ चा नागरी भागात गुरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा आला. अधिसूचित शहरी हद्दीत गुरांसाठी परवाना लागू लागला. मूळ रोख मोठ्या तबेल्यांवर होता, झळ मात्र एक म्हैस ठेवणाऱ्यालाही बसली. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाण्याची आणि १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबईची महापालिका झाली, तसं उकिरड्याला, शेणाला आणि मोकाट बकरीला तक्रारदार शेजारी मिळाले.

गावात आज बैल दिसतो तो बहुधा शर्यतीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं त्या बंद पडल्या होत्या. १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानं महाराष्ट्राचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. शर्यतीच्या बैलाचा खुराक पाहिला तर नांगराच्या बैलाला हेवा वाटेल. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेत जनावरांचा बाजार अजून लागतो.

नव्यानं गोठा घालणारे बहुतेक जण गीर गाय आणतात. गीर चांगलीच गाय आहे, पण ती सौराष्ट्राची. ठाण्याच्या आज्याच्या दावणीला ती नव्हती. त्याच्याकडे होती ती बुटकी, काटक, तांबडी-काळी गाय. तिला कोणी जातीचं नावसुद्धा दिलं नव्हतं. त्या कोकणी गुरांची ‘कोकण कपिला’ म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती २०१८ मध्ये, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पाठपुराव्यानंतर. दूध थोडकं, खाणं थोडकं, उतारावर चरणारी. शहापूर-इगतपुरीकडे डांगी, तिच्या कातडीला तेलकट ओल असते, धोधो पावसातही ती खाचरात उभी राहते. पूर्वजांशी नातं जोडायचंच तर या दोघींपैकी एक आणावी. लिटरमागचा हिशेब मात्र करू नये.

आणि पूर्वज शोधायचे कसे? घराण्याचं मूळ सांगताना उत्तर कोकणातल्या बिंब राजाबरोबर आलो, पैठणहून आलो असं सांगायची पद्धत आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेल्या महिकावतीच्या बखरीत बिंबाबरोबर आलेल्या कुळांच्या याद्या आहेतही. त्या वाचायला मजा येते. खापरपणज्याचं नाव त्यात मिळत नाही. ते मिळतं तलाठी आणि तहसील कचेरीत. शिवाय आता गरजही पडते: कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे मुरबाडला गाय बांधण्याआधी आपण शेतकऱ्याच्या पोटचे आहोत हे कागदावर दाखवावं लागतं.

त्यासाठी चालू सातबारा उपयोगाचा नाही, तिथे सिडकोचं नाव असेल. जुना सातबारा, त्याच्या कडेच्या गोलातले फेरफार क्रमांक, आणि त्या प्रत्येक क्रमांकाची फेरफार नोंदवहीतली नक्कल काढावी. १९५७ पूर्वीचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात दिसलं नाही तर निराश होऊ नये. कुळाचं नाव ‘इतर हक्क’ किंवा पीकपाहणीच्या रकान्यात असतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अशा एका नावामागे चार-पाच भाऊ दडलेले असतात. त्याही मागे जायचं तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत आणि जुनी पानं बहुधा मोडीत आहेत. वाचायला मोडी जाणणारा लागतो. जोडीला नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कोणत्या साली कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, ते निघू शकतं.

बायकांचा माग सर्वांत कठीण. दूध, ताक, अंडी विकून येणारे पैसे आणि कोंबड्यांचा सगळा कारभार आजीच्या हातात असे. पण जुन्या वारसनोंदीत ती आलीच तर मयताची विधवा म्हणून येते, आणि मुलींची नावं फार उशिरा लागू लागली. तिची वाट तिच्या माहेरच्या गावाच्या कोतवाल बुकापासून धरावी लागते. तिथेही पुष्कळदा बापाचं नाव, जात आणि पुढे ‘मुलगी’ एवढीच नोंद असते.